मृत्युपत्र कसं करावं: पुणेकरांसाठी, यादीपासून रजिस्टर ऑफिसपर्यंत

"आमच्या मुलांत काही वाद नाहीत, मग मृत्युपत्र कशाला?" असं म्हणणारं जोडपं कोथरूड-कर्वेनगरच्या प्रत्येक सोसायटीत सापडेल. वाद नसतीलही. पण वाद नसले तरी सह्या लागतातच.

उदाहरण घ्या. फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि ते मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा आणि न्यू जर्सीतली मुलगी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे तिघांचा सारखा हिस्सा. गेलेल्या माणसाची आई, म्हणजे मुलांची आजी, हयात असेल तर चौथा हिस्सा तिचा. गेलेल्याच्या आईचं नाव पहिल्या वर्गाच्या, म्हणजे आधी हिस्सा मिळणाऱ्या वारसांत आहे, त्याच्या वडिलांचं नाही. पुढे आजी गेली की तिचा हिस्सा काका-आत्यांकडेही जातो. म्हणजे वडिलांच्या कष्टाच्या फ्लॅटमध्ये वडिलांची भावंडं भागीदार होतात, आणि तेही कोणाच्या मनात नसताना.

आता हा फ्लॅट आईच्या नावावर करायचा तर बाकीच्यांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. मुलगी येऊ शकत नसेल तर तिनं तिकडच्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवायचं, ते इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, मग रजिस्टर ऑफिस. एकमेकांवर जीव टाकणाऱ्या घरातसुद्धा यात महिनोन्‌महिने जातात. मागे राहिलेल्यांना कोणाच्या सहीसाठी ताटकळावं लागू नये, एवढ्यासाठी मृत्युपत्र करायचं. त्यामुळे कोणाला किती द्यावं यापेक्षा कागद कसे सरळ करावेत यावर मी इथं जास्त लिहिणार आहे.

पहिलं काम: यादी आणि नावं

एक दोनशे पानी वही घ्या आणि जे जे तुमच्या नावावर आहे ते लिहून काढा. फ्लॅट, गावची जमीन, बँक ठेवी, पोस्ट, पीपीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा, लॉकर, दागिने, गाडी, कोणाला दिलेले हातउसने. देणीही लिहा, कारण मालमत्तेतून आधी देणी भागतात आणि उरलेलं वारसांना मिळतं. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने पाडा: कागदावर नाव नेमकं कसं आहे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे ठेवलाय. तिसऱ्या रकान्याला लोक हसतात. नंतर कपाटं उपसायची वेळ मुलांवर येते.

नावांचा घोळ इथंच उघडा पडतो. फ्लॅटच्या करारनाम्यावर बाईंचं माहेरचं नाव, शेअर सर्टिफिकेटवर सासरचं, पॅनवर नुसती आद्याक्षरं आणि बँकेत मधलं नावच नाही. चारही एकच व्यक्ती असल्याचं ती हयात असताना सांगणं सोपं असतं. म्हणून मृत्युपत्रात सगळी नावं 'ऊर्फ' लावून लिहा, आणि जिथं अर्ज देऊन दुरुस्ती होते तिथं ती आत्ताच करून घ्या.

फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (रजिस्टर ऑफिसातला नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मिळकतकराची पावती एकत्र ठेवा. पेठेतलं घर किंवा बंगला असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. मुळशी, भोर किंवा पुरंदरला जमीन असेल तर ताजा सातबारा काढून बघा. अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून फेरफार पाडून घ्या. तलाठ्याचं पदनाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठी म्हणूनच विचारा.

काय देता येतं आणि काय नाही

स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देता येते, अगदी शेजाऱ्याला किंवा संस्थेलासुद्धा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त तुमचा स्वतःचा हिस्सा देता येतो. ९ सप्टेंबर २००५ पासून अशा मिळकतीत मुलीही मुलांसारख्याच जन्मानं सहहिस्सेदार आहेत, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. 'मुलींची लग्नं करून दिली, सगळं मुलाला' असं वडिलोपार्जित जमिनीबद्दल लिहिलेलं मृत्युपत्र मुलींच्या हिश्शापुरतं कोर्टात टिकत नाही.

पेठांमधल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाड्याच्या खोलीचा ताबा कितीही पिढ्यांचा असला तरी ती भाडेकरी मृत्युपत्रानं देता येत नाही. भाडेकरू गेल्यावर तो हक्क भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसंच शेतजमीन बिगरशेतकरी परक्या माणसाला मृत्युपत्रानं देऊ केली तर कुळकायद्याच्या कलम ६३ पाशी अडचण येते. हे मनात असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय लिहू नका.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांत सर्वात जास्त गैरसमज याचा आहे. 'नॉमिनी लावलाय, आता चिंता नाही' असं समजून लोक निर्धास्त होतात. नॉमिनी पैसे किंवा शेअर ताब्यात घेतो ते खऱ्या वारसांच्या वतीनं. शेअर आणि डीमॅटबाबत सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हेच सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम १५४ब-१३ लागतं: नॉमिनी हा तात्पुरता सभासद, आणि मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं ज्याचा हक्क ठरेल तो कायमचा सभासद. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा, बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम साधारणतः त्यांची स्वतःचीच होते.

याचा अर्थ नॉमिनी लावू नका असा नाही. लावाच, कारण पैसे हातात पटकन येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो. मात्र नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा. नॉमिनी धाकटा आणि मृत्युपत्रात थोरला, असं झालं की भाऊ-भाऊ शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात भेटायला लागतात.

वाटणी ठरवताना

इथं मी थोडा आग्रही आहे. बायकोला घर द्यायचं असेल तर पूर्ण मालकी हक्कानं द्या. 'पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क, तिच्यानंतर मुलाला' हे वाक्य आपल्याकडे फार लाडकं आहे. दिसायला सोयीचं, पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे असा मर्यादित हक्क केव्हा पूर्ण मालकीचा होतो आणि केव्हा नाही यावर दशकानुदशकं खटले चालले आहेत. शिवाय उद्या आजारपणासाठी तिला घर विकायचं किंवा तारण ठेवायचं झालं तर हात बांधलेले. दुसऱ्या लग्नाची मुलं, व्यसनी मुलगा अशी खास कारणं असतील तर तहहयात हक्काचा विचार करा, पण मग मसुदा चांगल्या वकिलाकडूनच करून घ्या.

दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र करू नका, प्रत्येकाचं वेगळं करा. बाईंच्या मृत्युपत्राकडे तर कोणी लक्षच देत नाही, आणि तिथला कायदा जास्त विचित्र आहे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली तर तिनं नोकरी करून जमवलेली मिळकतही कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरच्या आईवडिलांकडून वारशानं आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे बँकेत तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचा फ्लॅट दिराच्या मुलाला मिळू शकतो, आणि म्हातारपणी तिचं सगळं करणाऱ्या बहिणीला काहीच नाही. एका पानाच्या मृत्युपत्रानं हे टळतं.

प्रत्येक नावाला पर्यायी नाव द्या. ज्याला दिलं तो तुमच्या आधी गेला तर ती देणगी बहुतेक वेळा रद्द होते. स्वतःचं मूल असेल आणि त्याला मुलंबाळं असतील तेवढा अपवाद. यादीत न आलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या मिळकतीचं एक 'उर्वरित' कलम हवंच. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण शांत शब्दांत एका ओळीत लिहा: 'त्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी यापूर्वीच मदत केली आहे.' दोष काढत बसू नका. ते वाक्य पुढे कोर्टात मोठ्यानं वाचलं जातं.

विशेष मूल घरात असेल तर नुसत्या मृत्युपत्रावर थांबू नका. त्याच्या नावानं ट्रस्ट करणं आणि १८ वर्षांनंतर नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेणं ही दोन्ही कामं तुमच्या हयातीत करा.

"त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू का?" हा प्रश्न येतोच. नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहराचे अधिभार वेगळे लागतात, ते आधी विचारून घ्या. पण बक्षीसपत्र केलं की घर त्याच दिवशी गेलं. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. मुलांनी सांभाळायचं या अटीवर दिलं आणि ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडे दाद मागता येते, मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. राहतं घर हयातीत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मसुदा

स्टॅम्प पेपर लागत नाही. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्कच नाही. साधा पण जाड, टिकाऊ कागद घ्या, मराठीत लिहा, हातानं किंवा टाइप करून. सुरुवात साधारण अशी:

'मी, खाली सही करणार, वय ७१ वर्षे, व्यवसाय निवृत्त, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र अगर पुरवणी केली असल्यास ती याद्वारे रद्द करतो.'

मग कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, नातं, वय. काही देणार नसाल त्यांचंही. मग मिळकतींचं वर्णन: सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, शेअर सर्टिफिकेट क्रमांक. ठेवींचे पावती क्रमांक घालू नका, त्या दरवर्षी बदलतात. बँक आणि शाखा पुरे.

फ्लॅटच्या कलमात आता एक गोष्ट घालावीच लागते. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, जिथं बघाल तिथं जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट चाललंय. तुम्ही 'दुसरा मजला, फ्लॅट क्रमांक ७' लिहिलंत आणि तुम्ही जाईपर्यंत ती इमारतच पाडली गेली, तर ती देणगी कशावर लागू करायची यावर वाद उभा राहतो. म्हणून लिहा: 'सदर सदनिकेचे पुनर्बांधकाम झाल्यास तिच्या बदल्यात मिळणारी नवीन सदनिका, वाढीव क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस व भाड्यापोटीची रक्कम यांसह.'

शेवटी एक्झिक्युटर, म्हणजे हे सगळं अमलात आणणारा माणूस नेमा. तुमच्यापेक्षा वयानं लहान, पुण्यात राहणारा आणि कागदांचा कंटाळा नसलेला हवा. त्याला आधी विचारा. भाचा किंवा पुतण्या अनेकदा मुलांपेक्षा बरा पडतो.

सही आणि साक्षीदार

भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ चं कलम ६३ इथं लागतं, आणि बहुतेक मृत्युपत्रं यातच लटकतात. तुम्ही सही करायची. किमान दोन साक्षीदारांनी ती करताना पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि त्या प्रत्येकानं तुमच्यासमोर सही करायची. घरी सही करून कागद शेजाऱ्याकडे पाठवला आणि त्यानं सवडीनं सही केली, तर ते मृत्युपत्र पडलं. दोघांना एकाच वेळी बसवा, पेन एकच वापरा, प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड टाळा; झालीच तर तिथंही सगळ्यांच्या सह्या घ्या.

पुढे वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. म्हणून आपल्याच वयाचे मॉर्निंग वॉकचे मित्र साक्षीदार घेऊ नका. पन्नाशीच्या आतले, पत्ता सहसा न बदलणारे घ्या. ज्याला काही मिळणार आहे तो आणि त्याचा जोडीदार साक्षीदार नको, आणि सहीच्या वेळी तो खोलीतही नको. 'ज्याला फायदा त्यानंच सगळं जमवून आणलं' अशी शंका आली की कोर्ट मृत्युपत्र फार बारकाईनं तपासतं. सत्तरीपुढे असाल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचं मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र घ्या. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तरी चांगलं.

नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही. नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असंही नाही. नोटरीचे पैसे वाचवा आणि रजिस्टर ऑफिस गाठा. नोंदणी फी १०० रुपये, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. पुणे शहरातली कार्यालयं 'हवेली क्रमांक अमुक' या नावानं ओळखली जातात. जवळचं कुठलंही चालतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची माहिती ऑनलाइन भरून त्याचा क्रमांक घेऊन जा, वेळही तिथूनच आरक्षित होते.

तिथं काय होतं? दुय्यम निबंधक कागद चाळतात, समोरच्या छोट्या कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा, मग ते तुमच्याकडे बघून विचारतात, "आजोबा, हे तुम्हीच केलंय ना? वाचलंय ना?" उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. बरोबर आलेल्या मुलानं मध्येच "हो हो, त्यांनीच केलंय" म्हटलं की साहेबांची भुवई वर जाते. दोन्ही साक्षीदार आणि सगळ्यांचे आधार-पॅन मूळ प्रतींसह न्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निबंधक घरी येतात. त्याचा अर्ज आणि फी वेगळी.

नोंदणीनं मृत्युपत्र अंतिम ठरत नाही. नंतरचं साधं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही आधीचं नोंदलेलं रद्द करू शकतं. फायदा एवढाच की कागद हरवत नाही आणि सही खोटी म्हणणं अवघड जातं. तुम्ही हयात असेपर्यंत त्याची प्रत फक्त तुम्हालाच मिळते, म्हणून मुलांना कळेल ही भीती नको. मजकूर कोणीच बघू नये असं वाटत असेल तर जिल्हा निबंधकांकडे बंद पाकिटात मृत्युपत्र ठेवण्याचीही सोय आहे.

वरचा बराचसा भाग हिंदू, जैन, बौद्ध, शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कायद्यात कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते, त्यापुढे वारसांची संमती लागते. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींचं जुनं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं; लग्नानंतर नवीन करावं लागतं.

ठेवायचं कुठे, बदलायचं केव्हा

फक्त तुमच्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, अशी गत होते. मूळ प्रत घरी, एक प्रत एक्झिक्युटरकडे, आणि यादीची वही कुठे आहे ते घरच्यांना आणि एक्झिक्युटरला, दोघांनाही माहीत. घर विकलं, कोणी गेलं, घटस्फोट झाला, की मृत्युपत्र काढून वाचा. छोटा बदल पुरवणी मृत्युपत्रानं होतो, पण तिलाही दोन साक्षीदारांची तीच पद्धत लागते. दोन-तीन पुरवण्या साठल्या की सरळ नवं करा.

नंतर वारसांनी करायचं ते

पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची सक्ती नाही. मुंबई शहराचा नियम पूर्वापार वेगळा होता. तरी एखादी बँक किंवा सोसायटी कमिटी 'प्रोबेट आणा' म्हणते. तेव्हा लेखी मागा, कलमासकट. बहुतेक वेळा तिथंच विषय मिटतो. वारसा कर भारतात नाही, १९८५ मध्येच तो गेला. परदेशातल्या मुलांना वारशाचे पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयातल्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या कागदांसह.

महापालिकेकडून मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा मूळ प्रती एकदमच घ्या. सोसायटी, मिळकतकर, महावितरण, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बँका, फंड, प्रत्येकजण एक मागतो. जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधायच्या असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर गेलेल्या व्यक्तीचं नाव आणि पॅन घालून बघा.